सह्या झाल्या, तरी मागण्या का बदलतात?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी चाकणजवळच्या एका मोठ्या ऑटो कंपोनंट कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे. कंपनीचे चार प्लांट आहेत आणि चारही प्लांटचं काम एकाच ईआरपीवर (खरेदी, साठा, हिशेब सगळं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आणायचं चाललंय. आठ महिने मीटिंगा घेऊन मी रिक्वायरमेंटचं, म्हणजे सिस्टीमकडून कुणाला काय हवं याचं, डॉक्युमेंट केलं, सगळ्या एचओडींच्या (डिपार्टमेंट प्रमुखांच्या) सह्या घेतल्या. आता यूएटी, म्हणजे वापरणाऱ्यांकडून सिस्टीमची चाचणी, सुरू झाल्यावर जो तो म्हणतो, "हे आम्ही सांगितलंच नव्हतं." सगळ्यांत मोठं भांडण माल आत घेण्यावरून आहे. स्टोअर्स म्हणतं, बिलावरचा रेट पीओशी (खरेदीच्या ऑर्डरशी) जुळला नाही तरी जीआरएन (माल मिळाल्याची सिस्टीममधली नोंद) झालाच पाहिजे. अकाउंट्स म्हणतं, रेट जुळत नसेल तर सिस्टीमने जीआरएन अडवलाच पाहिजे. परचेस म्हणतं, पीओवरचा रेट आम्हाला कधीही बदलता आला पाहिजे. तिन्ही मागण्यांवर सह्या आहेत. स्टोअरमधले काका तर म्हणाले, "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर येऊ दे, माझी वही मी बंद करणार नाही." स्टीअरिंग कमिटीत साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, की रिक्वायरमेंट नीट घेतल्याच नाहीत. मागण्या आता फ्रीझ करून टाका, यापुढे बदल नाही, असा आग्रह धरू का? की सरळ राजीनामा देऊ?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : राजीनामा देऊ नका. फ्रीझचा आग्रहही आत्ता धरू नका. तीन एकमेकींच्या विरुद्ध मागण्या फ्रीझ केल्या म्हणून त्यांतून एक चालणारी सिस्टीम तयार होत नाही. भांडण फक्त पुढे ढकललं जाईल आणि गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष सुरू होण्याच्या, आठवड्यात ते थेट गेटवर होईल. तेव्हा मागे ट्रक उभे असतील आणि प्रॉडक्शन लाइनवरून फोन येत असतील.

साहेबांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. लोकांनी जे सांगितलं ते तुम्ही नीट लिहून घेतलंत, याबद्दल पत्र वाचून मला शंका राहिली नाही. पण मीटिंगच्या टेबलावर माणसं सहसा अडचण सांगत नाहीत. त्या अडचणीवर आपल्यापुरता काढलेला तोडगा सांगतात. "रेट जुळला नाही तरी जीआरएन व्हावा" हा स्टोअर्सचा तोडगा, "अडवा" हा अकाउंट्सचा आणि "आम्हाला बदलू द्या" हा परचेसचा. तुमच्या डॉक्युमेंटमध्ये तीन तोडगे आहेत, आणि ज्या अडचणीतून ते निघाले ती कुठेच लिहिलेली नाही.

सह्यांचंही तसंच. सही एचओडीने केली, यूएटीला बसले ते रोज काम करणारे. एवढं जाड डॉक्युमेंट एचओडीने पानन् पान वाचून सही केली असेल, असं तुम्हालाही वाटत नसणार. काम करणाऱ्याला तर स्क्रीन समोर आल्यावरच कळतं, की आपल्याला नेमकं काय लागतं. त्यात त्याची लबाडी नाही. उद्या वाद झाला तर सही तुमच्या बाजूने उभी राहील, पण कोण चुकलं हे सिद्ध झालं म्हणून माल आत येत नाही.

आता मूळ गाठीकडे येते. तुमची कंपनी मी पाहिलेली नाही, त्यामुळे पुढचं तुम्ही जागेवर जाऊन पडताळा. पण या धंद्यात हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलंय, की खूणगाठ बरीचशी पक्की आहे.

स्टील, अ‍ॅल्युमिनियम यांचे भाव हलले की सुट्या भागांचे रेट ठरावीक काळाने, बऱ्याच ठिकाणी दर तिमाहीला, पुन्हा ठरतात. आणि ते मागच्या तारखेपासून लागू होतात. सप्लायर नव्या रेटने बिल लावायला लागतो. इकडे पीओवर अजून जुनाच रेट असतो, कारण रेट अमेंडमेंटचा, म्हणजे पीओवरचा रेट बदलण्याचा, कागद परचेसकडून कॉस्टिंगकडे, तिथून फायनान्सकडे आणि मग वरच्या सहीला जातो. तो परत येईपर्यंत त्या सप्लायरचा प्रत्येक ट्रक 'रेट जुळत नाही' म्हणून गेटवर अडकतो.

लाइन थांबवून चालत नाही. मग स्टोअरचे काका माल उतरवून घेतात, वहीत तारीख, चलन नंबर, नग लिहितात आणि अमेंडमेंट झाल्यावर जीआरएन करतात. मधल्या काळात माल रॅकवर असतो आणि सिस्टीममध्ये नसतो. लाइनवर दिलेला माल सिस्टीममधून वजा करायचा तर स्टॉक शून्य दिसतो. तुमच्या डॉक्युमेंटमध्ये प्रॉडक्शनची "निगेटिव्ह स्टॉक चालू द्या" (सिस्टीममध्ये साठा शून्याखाली गेला तरी अडवू नका) अशी मागणी आहे का, बघा. असली तर ती याच गाठीतून आलेली असण्याची दाट शक्यता आहे. प्लॅनिंगला स्टॉक कमी दिसतो म्हणून ते जास्तीची ऑर्डर टाकतात, आणि वर्षअखेरीच्या स्टॉक मोजणीत फरक निघतो. मग अकाउंट्स आणखी एक लॉक मागतं. तुम्हाला पाच डिपार्टमेंटच्या पाच मागण्या दिसतायत, मला एक कागद वेळेवर न फिरल्याच्या पाच खुणा दिसतायत.

तो वेळेवर का फिरत नाही, हे शोधणं सगळ्यांत महत्त्वाचं. सहीची मर्यादा फार वर्षांपूर्वी ठरलेली असू शकते. तेव्हाच्या भावात मोजकेच पीओ त्या रकमेवर जायचे, आता जवळजवळ सगळेच जातात आणि एका माणसाच्या टेबलावर ढीग साठतो. किंवा दुसरं कारण असेल, ज्याबद्दल मीटिंगमध्ये कुणी बोलणार नाही. परचेसच्या माणसाचं अप्रेझल वर्षभरात किती बचत केली यावर होतं. वाढीव रेटचा कागद पुढे सरकवला की त्याचा आकडा बिघडतो. मग तो कागद 'निगोशिएशन चालू आहे' म्हणून पडून राहतो. त्याच्या जागी बसलात तर तुम्हीही तेच कराल. स्टोअर्सचं मोजमाप ट्रक किती लवकर सुटला यावर, अकाउंट्सचं ऑडिटमध्ये किती शेरे आले यावर. प्रत्येक जण आपापल्या मोजमापाला धरून बरोबर वागतोय, आणि सगळ्यांच्या बरोबर वागण्याने कंपनीचं काम अडतंय.

मोठ्या कंपन्यांतल्या बहुतेक चिवट अडचणींची घडण अशीच असते. तिथे सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक चेकबॉक्स घालणं म्हणजे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

तुमचा ईआरपीवाला सांगेल, की जीआरएन फक्त नगांवर करा आणि रेटची तपासणी बिल पासिंगला ठेवा. तो योग्यच सांगतोय, चांगल्या सिस्टीममध्ये असंच असतं आणि तुम्हीही ते करा. माल आत येईल, स्टॉक खरा दिसेल. पण एवढ्यावर थांबलात तर गेटवरचा ढीग उचलून अकाउंट्सच्या टेबलावर ठेवला एवढंच होईल. रेट न जुळलेली बिलं तिथे होल्डला पडतील, सप्लायरचे फोन येतील, आणि तीन महिन्यांनी अकाउंट्स म्हणेल, नवी सिस्टीम आल्यापासून आमचं काम वाढलं.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. मीटिंग न लावता स्टोअरमध्ये जाऊन बसा. काकांची वही मागा. ते दचकतील, कारण आजवर वही दिसली की कुणीतरी ओरडलंय. त्यांना आधीच सांगा, की वही बंद करायला आलेली नाही, वाचायला आलेय. वहीतल्या तीन नोंदी घ्या, वेगवेगळ्या सप्लायरच्या. प्रत्येक नोंदीचं बिल हातात धरून त्याच्या मागे चाला. ट्रक गेटवर कधी आला, माल कधी उतरला, नवा रेट कुणाला कधी कळला, अमेंडमेंटचा कागद कुणाकडे किती दिवस होता, जीआरएन कधी झाला, बिल कधी पास झालं, पैसे कधी गेले. फक्त तारखा लिहा.

विचारतानाही "तुम्हाला काय हवं?" असं विचारू नका. "हे शेवटचं कधी झालं? ते बिल दाखवता का? मग तुम्ही काय केलंत?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक इच्छा सांगतात, दुसऱ्याला घडलेलं. आठ महिन्यांत जे हाती लागलं नाही ते या तीन बिलांत लागेल.

तुमच्या क्वालिटी डिपार्टमेंटकडे व्हाय-व्हायचा फॉर्म असेलच. टोयोटाच्या तायची ओनोंनी पाच वेळा 'का' विचारायची रीत रुजवली, ती आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यांत चांगली मुरलीय. पार्ट रिजेक्ट झाला की फॉर्म भरला जातो. बिल अडकलं की मात्र कुणी भरत नाही. तोच फॉर्म इथे वापरा, फक्त एक पथ्य पाळा. शेवटच्या 'का'चं उत्तर माणसाचं नाव असेल तर थांबू नका. "अमक्याने सही केली नाही" हे कारण नव्हे. ती सही त्याच्याकडे का जाते आणि न करण्यात त्याचा फायदा काय, इथवर जा.

हे सगळं टाळून सॉफ्टवेअरलाच वाकवत बसलं तर काय होतं, याचं मोठं उदाहरण जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीचं आहे. २०११ मध्ये त्यांनी मालसाठ्याचं काम सॅप या कंपनीच्या ईआरपीवर आणायला घेतलं आणि २०१८ मध्ये सगळा प्रकल्प बंद केला. तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या तिथल्या वृत्तपत्रांत होत्या. अनेक कारणांपैकी सर्वांत जास्त चर्चा झाली ती एका सवयीची. लिडल साठ्याची किंमत खरेदीच्या भावाने धरायचं, सॅपची किरकोळ विक्रीसाठीची तयार रचना विक्रीच्या भावावर चालायची. कंपनीला आपली रीत सोडायची नव्हती, म्हणून सॉफ्टवेअर बदलत राहिले. ती रीत चूक होती असं मी म्हणत नाही. पण ती ठेवायची की सोडायची हा कंपनीच्या मालकांनी घ्यायचा निर्णय होता, आणि असे निर्णय जेव्हा 'रिक्वायरमेंट' म्हणून खाली ढकलले जातात तेव्हा ते प्रोग्रामरच्या टेबलावर येऊन पडतात. त्याला ते घेण्याचा अधिकारही नसतो आणि माहितीही नसते.

दुसरं उदाहरण कॅनडाच्या केंद्र सरकारच्या फिनिक्स या पगाराच्या सिस्टीमचं. हे मी तुमच्या साहेबांसाठी सांगतेय. २०१२ मध्ये आयबीएमने सांगितलं, की ही सिस्टीम बांधायला २७.४ कोटी कॅनेडियन डॉलर लागतील. मंजुरी २००९ मधली होती, १५.५ कोटींची. अधिकाऱ्यांनी वाढीव पैसे न मागता सिस्टीममधली कामंच काढून टाकली किंवा पुढे ढकलली. त्यांत मागच्या तारखेपासून लागू होणाऱ्या पगारफरकाचा हिशेबही होता. म्हणजे तुमच्या रेट अमेंडमेंटचाच भाऊ. दुसरीकडे, खात्याखात्यांत पगाराचं काम करणारी अनुभवी माणसं कमी केली. ४६ खात्यांतल्या सुमारे १,२०० जणांच्या जागी मिरामिशी या एका गावातल्या केंद्रात ४६० पगार-सल्लागार बसवले. एका खात्यात आधी करून बघायची ठरलेली चाचणीही २०१५ मध्ये रद्द केली. २०१६ च्या फेब्रुवारीत सिस्टीम सुरू झाली आणि हजारो कर्मचाऱ्यांना कमी पगार, जास्त पगार, काहींना पगारच नाही, असं सुरू झालं. तिथल्या महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं, की अधिकाऱ्यांचं लक्ष सिस्टीमने काय करायला हवं यापेक्षा बजेट आणि तारीख सांभाळण्यावर होतं, आणि गंभीर अडचणी वरच्या सचिवापर्यंत पोचवल्याच गेल्या नाहीत.

त्या कमी केलेल्या १,२०० जणांकडेही आपापल्या खात्यातल्या खाचाखोचा होत्या, कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नसलेल्या. तुमच्याकडे ते काम काकांची वही करते. ती वही अडथळा म्हणून बघू नका. जुनी सिस्टीम जिथे जिथे कमी पडते त्याची ती रोजची, तारीखवार नोंद आहे. तुमच्या प्रकल्पातला सर्वांत प्रामाणिक रिक्वायरमेंटचा कागद तोच.

आता हे वर कसं न्यायचं. इथे तुम्हाला धीर लागेल.

एका पानाचा कागद करा. त्यावर तीन बिलं आणि त्यांच्या तारखा. कुणाचं नाव नको, डिपार्टमेंटवर शेरा नको. खाली एकच प्रश्न लिहा : रेट अमेंडमेंट किती दिवसांत पूर्ण व्हावी आणि त्याचा मालक कोण? मालक हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. तुमच्या कंपनीत परचेसचा प्रमुख आहे, स्टोअर्सचा आहे, अकाउंट्सचा आहे. पण पीओपासून पेमेंटपर्यंतच्या सगळ्या प्रवासाला एक धनी बहुधा नाही. चार प्लांटमध्ये तर नक्कीच नसेल. दोन डिपार्टमेंटचं पटलं नाही तर निर्णय कोण देणार, हे ठरलेलं नसताना रिक्वायरमेंट कधीच पक्क्या होत नाहीत, आणि ते ठरवणं तुमच्या हातात नाही. मागणं मात्र तुमच्या हातात आहे. स्टीअरिंग कमिटीकडे तेच मागा.

कमिटीच्या आधी प्रत्येकाला वेगळं भेटा आणि त्याच्या भाषेत बोला. प्रॉडक्शनला लाइन थांबण्याबद्दल आणि प्रीमियम फ्रेटबद्दल (घाईने माल मागवताना द्याव्या लागणाऱ्या जादा भाड्याबद्दल) सांगा. अकाउंट्सच्या प्रमुखांना आयकर कायद्यातल्या (१९६१) कलम ४३बी(एच) ची आठवण करून द्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत आणि वर्षअखेरीलाही ते थकलेले राहिले, तर तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा होत नाही, पैसे देऊ त्या वर्षी होतो. कर-निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून हे लागू झालं आणि तेव्हापासून अकाउंट्सवाले या तारखांना जपून असतात. तुमचे छोटे सप्लायर यातच मोडत असणार, आणि ते दिवस माल स्वीकारल्यापासून मोजले जातात, बिल पास झाल्यापासून नाही. होल्डला पडलेलं प्रत्येक बिल त्या ४५ दिवसांतले दिवस खातंय, हे तुमच्या तीन बिलांच्या तारखांवरून त्यांना लगेच दिसेल. काल जे "अडवा" म्हणत होते तेच "हे लवकर सोडवा" म्हणतील, असा माझा अंदाज आहे.

परचेसच्या प्रमुखांना सर्वांत आधी भेटा आणि सर्वांत जास्त वेळ द्या. कागद त्यांच्याकडे अडकतोय हे त्यांना कमिटीत पहिल्यांदा कळता कामा नये. तसं झालं तर ते स्वतःचा बचाव करतील, आणि तो रास्त असेल, कारण त्यांच्या माणसांचं अप्रेझल त्यांनी एकट्यांनी ठरवलेलं नाही. त्यांना विचारा, "भाववाढीमुळे आलेली रेटवाढ बचतीच्या आकड्यातून वेगळी धरली तर कागद लवकर सुटेल का?" ही सूचना त्यांच्याच तोंडून कमिटीत आली तर फार बरं. श्रेय त्यांना जाऊ दे.

बाकीच्या मागण्यांबद्दल थोडक्यात. चलनाच्या प्रिंटचा फॉरमॅट, रिपोर्टमधल्या कॉलमचा क्रम असल्या गोष्टींवर भांडू नका, देऊन टाका किंवा पुढच्या टप्प्यात ठेवा. एकाच बोल्टला चार प्लांटमध्ये चार आयटम कोड असतील, ते काम मात्र कंटाळवाणं म्हणून मागे टाकू नका. गो-लाइव्हनंतर ते करणं कितीतरी पटीने जड जातं. प्रत्येक मोठ्या मागणीपुढे तीनच गोष्टी लिहा : ही नसली तर कुणाचं काय अडेल, ते शेवटचं कधी अडलं, आणि 'नाही' म्हणायचा अधिकार कुणाला आहे. दुसऱ्या रकान्यात काहीच लिहिता आलं नाही, अशा मागण्या तुमच्या यादीत बऱ्याच निघतील.

यूएटी पुन्हा लावा, आणि यावेळी स्वच्छ, जुळणारा डेटा घेऊ नका. वहीतलीच बिलं घ्या : रेट न जुळलेलं, अर्धा माल आलेलं, क्यूसीने (क्वालिटी तपासणीने) अर्धा लॉट परत पाठवलेलं. स्क्रीनवर काकांना बसवा, तुम्ही बाजूला बसा आणि हात माऊसला लावू नका. ते जिथे अडतील तिथे लिहून घ्या. गो-लाइव्ह चारही प्लांटला एकदम करायचं घाटत असेल तर एका प्लांटपासून सुरू करा, हे लेखी मांडा. फिनिक्सची रद्द झालेली चाचणी साहेबांना सांगायची वेळ तीच.

राजीनाम्याचं शेवटी बोलते. सगळ्यांदेखत झालेला अपमान लागतो, आणि तो लागू नये असं मी म्हणणार नाही. साहेबांना एकटं भेटून सांगा, की "रिक्वायरमेंट नीट घेतल्या नाहीत, हे वाक्य मला लागलं. तीन बिलं घेऊन आलेय, दहा मिनिटं द्या." बहुतेक साहेब ऐकतात, कारण गो-लाइव्ह फसलं तर प्रश्न त्यांनाही विचारले जाणार असतात. पण तारखा पाहिल्यावरही त्यांनी "हे कमिटीपुढे न्यायचं नाही, जे आहे तेच पुढे रेटा" असं सांगितलं, तर ते संभाषण तारखेसह ईमेलवर लिहून ठेवा आणि मग नोकरी शोधायला लागा. अडचण दिसत असताना ती वर कळवू न देणाऱ्या ठिकाणी तुमच्यासारख्या मुलीने वर्षं घालवू नयेत.

तोवर पहिलं काम वहीचं. तीन बिलांच्या तारखा हाती आल्या की मला पुन्हा लिहा. कंपनीचं आणि तुमचं नाव छापणार नाही. अमेंडमेंटचा कागद नेमका कुठे थांबतो ते कळलं, की कमिटीपुढच्या त्या एका पानावर काय लिहायचं ते आपण मिळून ठरवू.